वय झालं म्हणून बॉलर थांबतो की त्याला थांबवलं जातं? गोष्ट बाळू पालवणकरांच्या डाव्या हाताची

गावच्या क्रिकेट टीममध्ये असा एक जण असतोच. तळेघरच्या माळावरची टेनिस बॉलची मॅच असो नाहीतर घोडेगाव-जुन्नरकडची मोठी टूर्नामेंट, पस्तिशी ओलांडलेला, पोरं ज्याला दादा नाहीतर मामा म्हणतात असा बॉलर. तो चोरटी रन घ्यायला धजत नाही, फिल्डिंगला कमी पळावं लागेल अशा जागी उभा राहतो. पण मॅच अडकली की कॅप्टन बॉल त्याच्याच हातात देतो. तो ओव्हर काढतो, मॅच जिंकून देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शर्टाच्या बाहीत हात घालता येत नाही.

पुढच्या वर्षी टीम ठरताना कुणीतरी म्हणतं, आता त्याचं वय झालं.

हे वय होणं म्हणजे नेमकं काय? हाडं झिजतात, स्नायू कमी होतात, की वर्षानुवर्षं टाकलेल्या ओव्हर्सचं बिल एकदम हातात येतं? आणि वय झालं हे ठरवतं कोण? खेळाडूचं शरीर, की टीम निवडणारे?

आजकाल वर्कलोड मॅनेजमेंट हा शब्द क्रिकेटच्या बातम्यांमध्ये सारखा येतो. कोणत्या बॉलरला कोणत्या सीरिजमध्ये बसवायचं, यासाठी फिजिओ, ट्रेनर आणि आकडेवारीची अख्खी फौज असते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी तळेघर ज्या जिल्ह्यात येतं त्याच पुणे जिल्ह्यात एक बॉलर असा होता, ज्याच्या खांद्याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. त्यांचं नाव बाळू पालवणकर. भारताचा पहिला मोठा बॉलर म्हणून आज त्यांना ओळखतात. वय आणि लोड हे प्रकरण समजून घ्यायला त्यांच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

तीन रुपये पगार, काम पिच लोळवायचं

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव आलं. कुटुंब चांभार समाजातलं, म्हणजे त्या काळात अस्पृश्य मानलं गेलेलं. वडील लष्करात नोकरीला होते आणि नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आलं. बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले ते गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर.

शाळा लवकर सुटली. घरात पैसा हवा होता. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबवर. पगार महिन्याला ३ रुपये. काम काय, तर मैदान झाडायचं, पिचवर रोलर फिरवायचा आणि मेंबर सरावाला आले की कधीमधी त्यांना बॉल टाकायचे.

१८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबवर आले. आज आपण ज्याला पूना क्लब म्हणतो तो. इथे पगार थोडा वाढला आणि कामही वाढलं. पिच आखायची, नेट लावायचं, वेळ पडली तर टेनिस कोर्टही नीट करायचं. एका इंग्रज मेंबरनं त्यांच्या हातात बॉल दिला आणि नेटमध्ये टाकायला सांगितलं. बाळूंनी क्लबवर खेळायला येणाऱ्या कॅप्टन बार्टन नावाच्या डावखुऱ्या बॉलरची ॲक्शन बघून बघून डोक्यात बसवली होती. कोच नाही, पुस्तक नाही. डाव्या हाताची संथ फिरकी ते अशी बघून शिकले.

हळूहळू बातमी पसरली की क्लबवरचा पोरगा बॉल चांगला वळवतो. मग मेंबर लोक त्याच्यासमोर सराव करायला रांग लावायला लागले.

नेटमधल्या ओव्हर्स कुणी मोजल्या?

या मेंबरांमध्ये एक होते जॉन ग्लेनी ग्रेग. लष्करातले अधिकारी, पुढे हॅम्पशायर काउंटीकडून खेळलेले आणि त्या काळच्या हिंदुस्थानातल्या सगळ्यात चांगल्या युरोपियन बॅट्समनपैकी एक. ग्रेग इतर मेंबर यायच्या आधी, तासभर अगोदर मैदानावर यायचे आणि फक्त बाळूंच्या बॉलिंगवर सराव करायचे. बाळूंनी आऊट केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस द्यायचे, असं सांगतात. महिन्याच्या पगाराशी तुलना केली तर आठ आणे ही मोठी रक्कम होती. म्हणजे बॉलर जीव ओतून टाकणारच.

आता एक साधा हिशेब करून बघू. हा आपला अंदाज आहे, कुठल्या वहीतली नोंद नाही. एक तास ग्रेगना, नंतर दोन तास बाकीच्या मेंबरांना. मिनिटाला एक बॉल धरला तरी तीन तासांत १८० बॉल होतात. आजच्या सहा बॉलच्या हिशेबात ३० ओव्हर. एका दिवसात. आज टेस्ट मॅचमध्ये एखाद्या स्पिनरनं दिवसात ३० ओव्हर टाकल्या तर कॉमेंटेटर त्याचं कौतुक करताना थकत नाहीत. शिवाय या ओव्हर्सच्या आधी आणि नंतर रोलर होताच.

याचा फायदाही झाला, हे मान्य करायला हवं. कोवळ्या वयात, चांगल्या बॅट्समनसमोर, एवढा सराव त्या काळी हिंदुस्थानात दुसऱ्या कुणालाच मिळत नव्हता. अचूक टप्पा, बॉलचा वेग कमी-जास्त करणं, बॅट्समनला फसवणं, हे सगळं बाळू त्या नेटमध्येच शिकले. पण खांदा हा काही बँकेतली ठेव नाही की वापरला तरी व्याज मिळत राहील. सतराव्या वर्षी टाकलेला प्रत्येक बॉल पस्तिसाव्या वर्षीच्या खांद्यात कुठेतरी जमा होत असतो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे कामाला येणार आहे. पूना क्लबच्या नेटमध्ये बाळूंना कधीही बॅटिंग करायला मिळाली नाही. बॅटिंग साहेबानं करायची, बॉलिंग नोकरानं. हा त्या नेटचा न लिहिलेला नियम होता.

बॉल चालतो, चहाचा कप चालत नाही

पुण्यात हिंदूंचाही क्लब होता आणि त्याला युरोपियनांना हरवायचं होतं. युरोपियनांचे सगळे बॅट्समन ज्याच्यासमोर चाचपडतात तो बॉलर गावातच होता. अडचण एकच, त्याची जात. क्लबमध्ये वाद झाला. शेवटी जिंकायची इच्छा जड ठरली आणि बाळूंना टीममध्ये घेतलं.

मैदानावर सगळे एकच बॉल हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायचं असेल तर पाणी आणून द्यायला त्यांच्याच समाजातला माणूस असायचा.

साताऱ्याची एक मॅच प्रसिद्ध आहे. तिथल्या युरोपियन जिमखान्यानं बाळूंच्या फिरकीची धार बोथट करायला आठवडाभर पिचवर रोलर फिरवून घेतला, असं सांगतात. पिच लोळवण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा पिचचं काय कौतुक? बाळूंनी सात विकेट काढल्या आणि पुणेकर जिंकले. या काळात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही जाहीर कार्यक्रमांत त्यांचं कौतुक केलं. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत आहे, हा प्रश्न त्यामुळे पुण्याच्या चर्चेत आला.

पहिली मोठी मॅच तिशीच्या उंबरठ्यावर

१८९६-९७ ला पुण्यात प्लेग आला. त्याच सुमारास बाळू मुंबईला गेले. आधी लष्कराच्या एका पलटणीत आणि नंतर बीबीसीआय रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या मूळ कंपनीत नोकरी. रेल्वेच्या टीमकडूनही खेळायचे. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायला काही मेंबरांचा विरोध होता, पण कॅप्टननं बाजू लावून धरली आणि ते आत आले.

मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यात दरवर्षी मोठी मॅच व्हायची. हिंदूंची टीम या लढतींमध्ये उतरली ती १९०६ च्या फेब्रुवारीत. समोर युरोपियन. हिंदूंनी २४२ आणि १६० रन केले, युरोपियन १९१ आणि १०२ वर आटोपले. हिंदू १०९ रननी जिंकले. या विजयात बाळूंच्या बॉलिंगचा मोठा वाटा होता. भाऊ शिवराम त्याच टीममध्ये होते. पुढच्या वर्षीही हिंदूंनी युरोपियनांना हरवलं.

बाळूंच्या नावावर आज जी अधिकृत फर्स्ट क्लास आकडेवारी आहे ती या १९०६ च्या मॅचपासून सुरू होते. तेव्हा ते ३० वर्षांचे व्हायला महिनाभर बाकी होता. याचं एक कारण सरळ आहे, हिंदूंसाठी त्याआधी त्या दर्जाची मॅचच नव्हती. पण परिणाम काय झाला ते बघा. स्पिनरची उमेदीची वर्षं, अठरा ते तीस, रेकॉर्ड बुकात शून्य आहेत. ती वर्षं नेटमध्ये, क्लबच्या मॅचेसमध्ये आणि रोलर ओढण्यात गेली. म्हणजे खांद्याचं मीटर पळत होतं, पण स्कोअरबोर्ड बंद होता.

१९११: तीन महिने, २३ मॅच, एक मुख्य बॉलर

१९११ मध्ये हिंदुस्थानची पहिली सर्वधर्मीय टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय १९. महाराजांचं लक्ष क्रिकेटपेक्षा दरबारी भेटीगाठींवर जास्त होतं आणि ते मोजक्याच मॅच खेळले. टीममधले बहुतेक खेळाडू इंग्लंडला पहिल्यांदाच जात होते. थंडी, पाऊस, ओली पिचं आणि जवळपास रोज क्रिकेट.

दौरा २३ मॅचचा होता, त्यातल्या १४ फर्स्ट क्लास. जून ते ऑगस्ट. एक मॅच संपली की रेल्वेनं दुसऱ्या काउंटीला, तिथे पोचलं की पुढची मॅच. टीम ६ मॅच जिंकली, १५ हरली, २ ड्रॉ झाल्या.

या हरणाऱ्या टीममध्ये बाळूंनी सगळ्या मॅच मिळून ११४ विकेट काढल्या, १८.८४ च्या सरासरीनं. फर्स्ट क्लास मॅचमध्ये ७५ विकेट, सरासरी २०.१२. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध एका डावात १०३ रन देऊन ८ विकेट. ही त्यांची फर्स्ट क्लासमधली सर्वोत्तम कामगिरी. लिस्टरशायरला हरवलं त्यात त्यांची बॉलिंग निर्णायक ठरली. सॉमरसेटविरुद्ध टीम एका विकेटनं जिंकली, तिथे शिवराम यांनी नाबाद शतक ठोकलं. तेव्हा बाळूंचं वय होतं ३५.

परत एक अंदाज बांधू. ११४ विकेट, दर विकेटमागे १८.८४ रन, म्हणजे त्यांनी साधारण २,१५० रन दिले. ओव्हरला तीन रन धरले तर सातशेच्या आसपास ओव्हर होतात, म्हणजे चार हजारांहून जास्त बॉल. तेही तीन महिन्यांत.

आणखी एक आकडा. बाळूंनी पूर्ण फर्स्ट क्लास करिअरमध्ये ३३ मॅच खेळून १७९ विकेट घेतल्या. त्यातल्या ७५ या एकट्या उन्हाळ्यातल्या. म्हणजे पंधरा वर्षांच्या करिअरमधल्या दहापैकी चार विकेट तीन महिन्यांत. उरलेल्या काळात त्यांना या दर्जाच्या वर्षाला एखाद-दोनच मॅच मिळायच्या. आजच्या फिजिओला असा चार्ट दाखवला तर तो आधी कपाळाला हात लावेल.

पस्तिशीनंतर शरीरात नेमकं काय होतं?

इथे थोडं थांबून शरीराची बाजू समजून घेऊ. पहिली गोष्ट स्नायूंची. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतात असं मानलं जातं. व्यायाम करणाऱ्याचे कमी वेगानं, पण होतात. त्यातही झटका देणारे, वेगवान तंतू आधी जातात. म्हणून म्हाताऱ्या खेळाडूचा दम टिकतो, पण पहिल्या दोन पावलांचा वेग जातो. कबड्डीतला कोपरारक्षक असो, फुटबॉल-हॉकीतला बचावपटू असो, त्याला वय आधी वळताना कळतं. समोरचा पोरगा वळून निघून गेलेला असतो आणि याचं डोकं तिथे पोचलेलं असतं, पाय पोचलेले नसतात.

दुसरी गोष्ट खांद्याची. खांद्याचा सांधा हा उथळ बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा आहे. हात सगळीकडे फिरतो तो त्यामुळेच. पण तो चेंडू बशीत धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू आणि त्यांचे कंडरे करतात. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. त्याला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून स्नायू दुखला तर काही दिवसांत बरा होतो, कंडऱ्याला आठवडे आणि महिने लागतात. वय वाढलं की तो कडक होतो आणि भरून यायला आणखी वेळ घेतो.

तिसरी गोष्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची, लोड कसा वाढतो. रोज थोडं थोडं टाकणाऱ्याचं शरीर त्या कामाला सरावतं. धोका असतो तो अचानक उडीत. वर्षभर बेताचं काम आणि मग एकदम तीन महिने रोज. फास्ट बॉलरवर अलीकडच्या काळात जो अभ्यास झाला त्यातूनही हीच गोष्ट पुढे आली. म्हणून आजचे फिजिओ एकूण ओव्हर किती यापेक्षा गेल्या महिन्याच्या तुलनेत या आठवड्यात किती, हे आधी विचारतात.

चौथी गोष्ट विश्रांती. विशीत आजचा थकवा रात्रीच्या झोपेत निघून जातो. पस्तिशीत त्याला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मिळाले तर खेळाडू जवळपास आधीसारखाच खेळतो. नाही मिळाले तर थकवा थकव्यावर साचत जातो. लोक त्याला म्हणतात वय झालं. खरं तर वसुली झालेली नसते ती विश्रांतीची.

आता ही यादी बाळूंच्या आयुष्यावर ठेवून बघा. पोरवयात बेहिशेबी ओव्हर, मधल्या काळात मोठ्या मॅच जवळपास नाहीत, पस्तिशीत एकदम तीन महिन्यांचा मारा आणि विश्रांती घ्यायची तर टीममध्ये त्यांचा भार उचलणारं फारसं कुणी नाही.

त्याच वयाचा दुसरा डावखुरा

मग प्रश्न येतो, हे असंच होणार होतं का? याचं उत्तर द्यायला इतिहासानं एक नामी तुलना ठेवली आहे.

विल्फ्रेड ऱ्होड्स. जन्म १८७७, यॉर्कशायर. बाळूंपेक्षा दीड वर्षानं लहान. तोही डावखुरा संथ स्पिनर, तोही गरीब घरातला. बाळूंना त्या काळी हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हटलं जायचं. ऱ्होड्स विसाव्या वर्षी, १८९८ मध्ये यॉर्कशायरकडून खेळायला लागला आणि १९३० पर्यंत खेळला. ४,२०४ फर्स्ट क्लास विकेट, आजही जगातला विक्रम. शेवटची टेस्ट खेळला तेव्हा वय ५२.

एवढा टिकला कसा? स्पिनरला वेगाची गरज कमी लागते, हे एक कारण. पण दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. ऱ्होड्सनं मधल्या वयात कामच बदललं. सुरुवातीला तो शेवटच्या नंबरवर बॅटिंग करायचा. हळूहळू वर सरकत गेला आणि १९१२ साली मेलबर्नला जॅक हॉब्जसोबत ओपनिंगला येऊन त्यानं ३२३ रनची भागीदारी केली. त्या वर्षांमध्ये त्याची बॉलिंग कमी झाली, हाताला आराम मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर टीमला बॉलरची गरज पडली तेव्हा तो परत मुख्य बॉलर झाला, चाळिशीत.

म्हणजे म्हाताऱ्या खेळाडूचं आयुष्य वाढतं ते त्याला दुसरं काम करायची संधी मिळाली तर. बॅटिंग, कॅप्टनशिप, कोचिंग, काहीतरी. डोक्यातला अनुभव वापरायचा आणि खांद्याला उसंत द्यायची.

आता पूना क्लबचं नेट आठवा. तिथे बाळूंच्या हातात बॅट कधी दिलीच नव्हती.

कॅप्टनशिपचा दरवाजा

दुसरा रस्ता होता कॅप्टनशिपचा. अनुभव, खेळाची समज, ज्येष्ठता, सगळं बाळूंकडे होतं. १९१२ पासून मुसलमानांची टीमही आली आणि मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. या सगळ्या काळात बाळू हिंदूंचे आघाडीचे बॉलर होते, पण कॅप्टन झाले नाहीत. एम. डी. पै कॅप्टन झाले तेव्हा खुद्द पै यांनी जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंचा होता.

१९२० साली बाळू ४४ वर्षांचे होते. त्या वर्षीच्या पहिल्या मॅचला पै आजारी पडले. कॅप्टनशिप गेली पुण्याच्या डी. बी. देवधरांकडे, ज्यांचं वय तेव्हा २८ होतं. बाळूंना टीममधूनच वगळलं. भाऊ शिवराम आणि विठ्ठल दोघंही ज्येष्ठ, दोघंही चांगल्या फॉर्मात, त्यांचाही कॅप्टन म्हणून विचार झाला नाही. दोन्ही भावांनी टीममधून माघार घेतली आणि जातीमुळे डावललं जातंय हे जाहीर सांगितलं.

इथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू बघायला हव्यात. ४४ वर्षांच्या बॉलरला वगळणं हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय म्हणून चूक म्हणता येणार नाही. त्या वयात कुठल्याही निवड समितीला तसं वाटू शकतं. पण मग प्रश्न असा की त्याआधीची वर्षं काय? छत्तीस, अडतीस, चाळीस या वयात, हात पूर्ण चालत होता आणि डोकं त्याहून जास्त, तेव्हा कॅप्टनशिप का दिली नाही? तेव्हा वय आड येत नव्हतं. आणि वय आड आलं तेव्हा धाकट्या भावांना तरी का नाही? त्यांचं तर वय झालं नव्हतं.

वय हे कारण असं सोयीचं असतं. ते खरं असतं, म्हणूनच त्याच्यामागे दुसरी कारणं लपवता येतात.

योगायोग बघा. ज्या देवधरांकडे तेव्हा कॅप्टनशिप गेली, त्यांनीच पुढे वयाचा मुद्दा खोटा पाडून दाखवला. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन वेळा रणजी करंडक जिंकला. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या पलीकडे होते आणि पन्नाशीनंतरही रणजी खेळत राहिले. बॅट्समनचं शरीर वेगळं झिजतं, हे खरं. पण कॅप्टन म्हणून विश्वास मिळाला की म्हातारा खेळाडू काय करू शकतो, हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलं नाही.

१९२० चा शेवट तितका कडू झाला नाही. लोकांचा दबाव वाढला. फायनलला पै परतले, पालवणकर बंधू परतले आणि बाळूंना उपकर्णधार केलं. मॅचच्या दरम्यान पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि काही वेळ टीमची सूत्रं बाळूंच्या हाती आली. फर्स्ट क्लास क्रिकेटमधला तो त्यांचा शेवटचा सीझन. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदूंचे कॅप्टन झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिलं.

मैदानानंतरची पस्तीस वर्षं

खेळाडू म्हणून बाळू थांबले तरी त्यांचं सार्वजनिक आयुष्य थांबलं नाही. १९११ च्या दौऱ्यानंतर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला होता आणि त्यात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये तेव्हाचे तरुण भीमराव आंबेडकर होते. आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता.

पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले. बाळू गांधीजींच्या बाजूनं गेले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते वाटाघाटींत होते आणि करारावर त्यांची सही आहे. मुंबई महापालिकेची निवडणूक हिंदू महासभेकडून लढवली आणि हरले. १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले, पण फरक फक्त दोन हजारांचा होता.

१९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. तोवर भारताची टेस्ट टीम होऊन तेवीस वर्षं उलटली होती. बाळू एकही टेस्ट खेळले नाहीत, कारण १९३२ मध्ये भारत पहिली टेस्ट खेळला तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

मग वय झालं म्हणजे काय?

रेकॉर्ड बुकात बाळूंच्या नावावर १७९ विकेट आहेत, सरासरी १५.२१. इंग्लंड दौरा वगळून बाकीच्या १०४ विकेटचा हिशेब केला तर सरासरी येते साधारण ११.७. हे आकडे ज्या वयातले आहेत त्या वयात बहुतेक बॉलर उतरणीला लागलेले असतात. तिसाव्या वर्षाच्या आधीचा एकही बॉल यात मोजलेला नाही.

उतरण सगळ्यांना लागते. कंडरे कडक होतात, पाय जड होतात, थकवा लवकर उतरत नाही. त्यात जात नाही, धर्म नाही. पण ती उतरण किती तीव्र असेल हे बरंचसं माणसंच ठरवतात. कोवळ्या वयात किती वापरलं, मध्ये विश्रांती दिली का, काम बदलायची संधी दिली का आणि अनुभवाला मान दिला का. ऱ्होड्सला हे सगळं मिळालं आणि तो ५२ पर्यंत खेळला. बाळूंच्या वाट्याला फक्त पहिली गोष्ट आली, वापर. तरीही ते ४४ पर्यंत टिकले.

म्हणून तळेघर असो की मुंबई, पुढच्या वेळी टीममधल्या मामाबद्दल कुणी म्हणालं की आता त्याचं वय झालं, तर आधी एवढं विचारा. गेल्या वर्षी त्याला किती ओव्हर दिल्या? दोन मॅचच्या मध्ये किती दिवस मिळाले? आणि त्याच्या हातात बॅट किंवा कॅप्टनशिप कधी देऊन बघितली का?